उनाईसीचे मागणे

गुरुवार, १७ ऑगस्ट २०२३. आग्नेयेचा वारा, पाऊस नाही. बोटीने पाव आले, लोणी आले नाही. साडेअकराला उनाईसी आली, लॅपटॉप आणि माऊस घेऊन. माऊस चालत नाही. परीक्षा दोन वाजता.

एरवी मी डायरी संध्याकाळी लिहिते. सत्तर वर्षांपूर्वी आमच्या बेटावरच्या लेवुकाच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नार्ड यांनी लावलेली ती सवय. तारीख, वारा, घरी कोण आले, काय तुटले, एवढे लिहायचे. मनातले देवाला सांगायचे, वहीला नाही. त्या दिवशी मात्र मी भर दुपारी वही उघडली, कारण उनाईसी माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून तो मुका माऊस पुढेमागे सरकवत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हते.

उनाईसी नाइसोगो गावची. माझ्या घरापासून किनाऱ्याच्या रस्त्याने तासाभराची चाल. वय सत्तावन्न. मला ती नेई म्हणते, म्हणजे आत्या. रक्ताचे नाते नाही. चर्चमध्ये तिच्या दृढीकरणाच्या संस्काराच्या वेळी तिच्या खांद्यावर हात ठेवून मी उभी होते, एवढेच. चटया विणणे हे तिचे आयुष्य. केवड्याच्या जातीची लांब पाने उकळायची, उन्हात वाळवायची, शिंपल्याने घासून मऊ करायची आणि मग मांडी घालून बसायचे ते पाठ धरेपर्यंत. नाइसोगोत लग्न असो की मयत, खाली उनाईसीची चटई असतेच. या कामाने तिच्या बोटांची टोके शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत आणि टणक झाली आहेत. लॅपटॉपवरचा टचपॅड त्या बोटांना ओळखत नाही. माझ्या बोटाखाली बाण धावतो, तिच्या बोटाखाली जागचा हलत नाही. "माझी बोटं मेलेली आहेत असं वाटतंय याला," ती पहिल्यांदा म्हणाली होती. म्हणून तिने दोन मोठ्या चटया देऊन माऊस मिळवला.

लॅपटॉप कशाला, तर बालवर्गासाठी. गावच्या बालवर्गात उनाईसी अकरा वर्षे मदतनीस आहे. चौदा मुले. शिकवणारी बाई दोन वर्षांपूर्वी राजधानीला, सुव्याला गेली ती गेलीच, तेव्हापासून सगळे हीच बघते. आता शिक्षण खात्याने सांगितले की प्रमाणपत्र असलेली शिक्षिका नसेल तर जानेवारीपासून वर्ग बंद. एवढ्याएवढ्या मुलांना मग ट्रकने शेजारच्या गावी जावे लागणार, म्हणजे निम्मी जाणारच नाहीत. उनाईसीने वर्षभर अभ्यास केला. शेवटची परीक्षा लॅपटॉपवर, माझ्या घरी, कारण इंटरनेट माझ्याकडे आहे. चित्रे उचलून क्रमाने लावायची, शब्द ओढून जागेवर ठेवायचे. दोनला सुरू, सव्वादोनपर्यंत आत शिरले नाही तर दार बंद, ते वर्षभरासाठी.

"नेई, महिनाभर चालत होता," ती म्हणाली. "रोज चालत होता."

"आणि आता?"

"आता दिवा लागतो, बाण हलत नाही."

मी भिंग काढले आणि माऊसच्या डबीतला तो मुंगीच्या अक्षरांचा कागद वाचायला घेतला. पोटावरचे बटण चालू आहे का? होते. सेल? आम्ही भिंतीवरच्या घड्याळातला काढून घातला. पोटाखालचा लाल दिवा जास्त लाल झाला, बाण तिथेच. रिसीव्हर, म्हणजे लॅपटॉपच्या कुशीत खोचायचा तो नखाएवढा तुकडा, नीट बसला आहे का? काढला, फुंकर मारली, परत बसवला. मग दुसऱ्या भोकात बसवला. मग तिसऱ्या. मी एकदा झग्याच्या काठाने पुसूनही पाहिला. लॅपटॉप बंद करून चालू केला. त्यात अकरा मिनिटे गेली आणि उनाईसीने तेवढ्या वेळात तोंडातल्या तोंडात निम्मी जपमाळ संपवली. काचेवर चालत नाही असे कागदात होते, तर माझे टेबल लाकडी आहे. तरी आम्ही खाली पुस्तक ठेवले. मग चटई.

"ही माझीच चटई," उनाईसी म्हणाली. "हिच्यावर तरी चाल रे."

माझ्या नवऱ्याने, आल्फ्रेडने, चाळीस वर्षे बोटींची इंजिने दुरुस्त केली. तो म्हणायचा, दिवा लागतो म्हणजे यंत्र जिवंत आहे, ते फक्त आपल्याशी बोलत नाही. मग ते कोणाशी बोलतेय ते शोधायचे. हे मला आठवले ते कागदाची शेवटची ओळ वाचताना. प्रत्येक रिसीव्हर फक्त आपल्या जोडीच्या माऊसला ओळखतो, असे तिथे छापले होते.

मी उठून डायरी चाळली. मंगळवार, ४ जुलै : "उनाईसीच्या नव्या माऊसला व रिसीव्हरला नखांच्या लाल रंगाने खूण केली." मी सगळ्यालाच खूण करते. आमच्याकडे कार्याला ताटे, पातेली, चमचे घरोघरी फिरतात, आणि परत येतात तेव्हा खूण नसेल तर कोणाचे काय ते देवालाही सांगता येत नाही. माझा रंग लाल, तीन घरे पलीकडे निळा.

माऊस उलटा केला. पोटावर लाल ठिपका होता. रिसीव्हर बाहेर काढला आणि भिंगाखाली धरला. ठिपका नव्हता.

"हा तुझा नाही," मी म्हटले.

 मी पुढची पाने काढली. बुधवार, २ ऑगस्ट : "गायनवृंदाची केलेरा आली. पवित्र मातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला गीते पडद्यावर दाखवायची आहेत. गायनवृंदाचा माऊस यांगोना पिण्याच्या काठवटीत पडून मेला. उनाईसीने आपला दिला." आणि परवा, १५ ऑगस्ट : "मिस्सानंतर केलेराने माऊस परत आणला. रिसीव्हर काड्यापेटीत."

आता सगळे दिसत होते. मेलेल्या माऊसचा रिसीव्हर चर्चच्या लॅपटॉपमध्ये खोचलेलाच राहिला असणार. शेजारी उनाईसीचा खोचला. सण झाला, केलेराने दोनांतला एक उपटला आणि काड्यापेटीत घातला. मेलेल्याचा आला, जिवंताचा तिकडेच राहिला. गायनवृंदाचा लॅपटॉप केलेराच्या कपाटात असतो. केलेराचे गाव ट्रकने पाऊण तासावर, आणि घड्याळात, म्हणजे लॅपटॉपच्या घड्याळात, पाऊण वाजला होता.

मी फोनकडे हात केला. उनाईसीने माझे मनगट धरले.

"नको, नेई."

"अगं, एक फोन तर करायचाय."

"काय सांगणार? तू चुकीचं परत दिलंस म्हणून? दिलेल्या वस्तूचा हिशेब विचारायचा? उद्या गावभर होईल, उनाईसीने आपल्या दाउवेला चोर ठरवलं."

केलेरा ही उनाईसीच्या मामाची मुलगी, तिची दाउवे. या नात्यात आमच्याकडे थट्टेला लगाम नसतो. तोंडावर वाटेल ते बोलावे, उलट न बोलणारीच रागावली असे समजतात. पण थट्टा वेगळी आणि हिशेब वेगळा.

"मग सांगू नकोस," मी म्हटले. "माग."

तिने मान खाली घातली. मला ठाऊक होते मी काय बोलले ते.

आमच्याकडे माणूस दारात येऊन बसतो, वाऱ्याचे, माशांचे बोलतो आणि मग म्हणतो, केरेकेरे. म्हणजे अमुक मला हवे आहे. नाही म्हणायचे नसते. आज त्याने मागायचे, उद्या आपण. उनाईसीने यातले अर्धेच आयुष्यभर केले. मागितले त्याला दिले. चटया दिल्या, कोंबड्या दिल्या, एकदा तर स्वतःची चूल दिली आणि दोन महिने बाहेर तीन दगडांवर रांधले. स्वतः कोणाच्या दारात जाऊन तिने कधी काही मागितले नाही. बालवर्गाचे खडूसुद्धा तिने चटई देऊन आणले.

याचे कारण मी पाहिलेले आहे. आईबाप गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मामाने तिला घरी नेले. मामी वाईट नव्हती, पण घरात खाणारी तोंडे पुष्कळ. काही संपले की मामी उनाईसीला पाठवायची. जा, त्यांच्याकडून मीठ आण. जा, रॉकेल आण. साखर, काड्या, साबण. आठवड्यातून चार वेळा, तीच मुलगी, तीच वाटी. मी तेव्हा नव्याने लग्न होऊन नाइसोगोत राहत होते. ती रस्त्याने येताना दिसली की बायका हसून म्हणायच्या, "आली वाटी, झाका डबे." द्यायच्या सगळ्याजणी, आणि हसायच्याही. मीही एकदा हसले. ती तारीख माझ्या वहीत आहे.

मी फोन तिच्यापुढे ठेवला. माझा फोन बटणांचा आहे, त्याला तिची बोटे चालतात. मग मी चहा करायला आत गेले आणि किटली विनाकारण दोनदा धुतली.  मग बटणे वाजली. आणि केलेराचा आवाज, जो गायनवृंदात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तो, स्वयंपाकघरापर्यंत आला.

"कोण, नेई का?"

"मी. उनाईसी."

"अगं बया! दाउवे! आज परीक्षा ना तुझी? का पळालीस? मी सांगितलंच होतं सगळ्यांना, म्हातारी ऐन वेळी झाडावर चढून बसेल म्हणून."

"पळाले नाही."

"मग बोल की. घशात माशाचा काटा अडकलाय का?"

मी किटली हातात धरून उभी राहिले. उनाईसीचा आवाज आला तो अगदी लहान.

"केलेरा, केरेकेरे."

 तिकडे मागे कोणीतरी नारळ खवत होते ते थांबले.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस तू."

"नाही ऐकलं. परत म्हण. थांब, मोठा आवाज लावते, घरातल्यांना साक्षीला बोलावते."

"केलेरा, वेळ नाही गं."

"पन्नास वर्षं वाट बघितली, मला एक मिनिट तरी मजा करू दे. बरं, माग. काय हवंय? डुक्कर? जमीन? नवरा हवा असेल तर लगेच पाठवते, जेवायला वाढलंय तेवढं संपू दे."

उनाईसी हसली. मी ते ऐकले आणि चहाची पूड घातली.

"चर्चच्या लॅपटॉपला एक छोटा तुकडा खोचलेला असेल. लाल ठिपक्याचा. तो मला हवाय. दोनच्या आत, नेईकडे."

तिकडे केलेराने ताट सरकवल्याचा आवाज आला. तिला कळले असावे काय झाले आहे ते, पण उनाईसीने चुकीचा शब्द काढला नव्हता, म्हणून तिनेही काढला नाही.

"निघाले," एवढेच म्हणाली.

मग आम्ही वाट बघितली. चहा थंड झाला. दीड वाजता मी म्हटले, चित्रे ओढायची ती मी ओढते, तू बोट दाखव.

"कॅमेरा चालू असतो, नेई. आणि नसता तरी नको. मग पास कोण झालं, तुम्ही का मी? तुम्हाला चौदा पोरांची नाकं पुसायला यावं लागेल."

पावणेदोनला लॅपटॉप उघडून ती त्याच्यासमोर बसली. पडद्यावर "सुरू करा" असे हिरवे बटण होते आणि बाण त्याच्यापासून वीतभर लांब. दोन वाजले. बटणाखाली उलटी मोजणी सुरू झाली, पंधरा मिनिटांची. तिने टचपॅडवर बोट घासले, ओले करून घासले, करंगळीने पाहिले. बाण थरथरला आणि थांबला. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले. मी दारात जाऊन उभी राहिले, कारण सरकणारे आकडे बघण्यापेक्षा रस्ता बघणे सोपे होते.

दोन वाजून नऊ मिनिटांनी ट्रक आला. मागे यांगोनाच्या मुळ्यांची पोती, पोत्यांवर केलेरा, चांगली दोन माणसांच्या मापाची बाई, आणि तिच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेले काहीतरी, बाळंतिणीने बाळ घ्यावे तसे.

"हा ड्रायव्हर!" ती खाली उतरता उतरता ओरडली. "पोती भरल्याशिवाय हलतच नाही. शेवटी मीच पोत्याच्या जागी बसले. घे, दाउवे."

गोधडीत अख्खा लॅपटॉप होता.

"तुकडा आणायचा होता ना गं फक्त," मी म्हटले.

"आणि रस्त्यात पडला असता तर, नेई? वाटाण्याएवढा तर आहे. जिथे बसलाय तिथे बसू दे म्हटलं, घरच सगळं उचलून आणलं." मग भिंतीकडे बघून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली. "आणि काय गं, उगाच धावडवलंत मला! अजून बारासुद्धा वाजले नाहीत."

"त्यात सेल नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

उनाईसीने रिसीव्हर उपटला. लाल ठिपका. आपल्या लॅपटॉपला खोचला. आम्ही तिघी त्या बाणाकडे बघत होतो, आणि काही झाले नाही. केलेराने कपाळावर हात मारला. मग कोपऱ्यात एक पट्टी आली, गेली, आणि उनाईसीने माऊस हलवला तसा बाण पडद्यावरून असा सुटला की हिरवे बटण ओलांडून पलीकडेच गेला. ती त्याला परत घेऊन आली. तीन मिनिटे उरली होती.

"बाहेर," ती आम्हाला म्हणाली. "खोलीत दुसरं कोणी चालत नाही."

माझ्या घरातून मला पहिल्यांदाच कोणी बाहेर काढले.

ओसरीत केलेरा पायरीवर बसली. गोधडीची घडी घातली, मोडली, परत घातली. आतून माऊसची टिकटिक येत होती. कधी भरभर, कधी मध्येच बंद. बंद झाली की केलेरा श्वास धरायची. दोघींना गप्प बसणे जड जात होते, पण तिला जास्त.

"नेई," ती हळू आवाजात म्हणाली. हळू बोलताना मी तिला क्वचितच ऐकले आहे. "आई मीठ मागायला नेहमी तिलाच पाठवायची. मला का नाही, माहीत आहे? मी पोट दुखतंय म्हणायचे. दरवेळी. एकदा उनाईसी मला म्हणाली, आज तू जा, मी तुझी भांडी घासते. तरी मी पोट धरून बसले."

 माझ्या वहीतली तारीख मी तिला सांगू शकले असते.

"आज फोनवर तिने तो शब्द काढला ना," केलेरा म्हणाली, "तेव्हा मी जेवत होते. ताट तसंच टाकून निघाले. हात धुतला की नाही तेही आठवत नाही."

तिने हात नाकाशी नेऊन पाहिला. "नाहीच धुतला."

तीनला दोन मिनिटे कमी असताना उनाईसी दारात आली. घामाने झगा पाठीला चिकटला होता.

"एकाहत्तर," ती म्हणाली. "साठ लागतात."

केलेराने मारलेली किंकाळी धक्क्यावर ऐकू गेली असावी, कारण पलीकडच्या घरातून कोणीतरी डोकावले. तिने उनाईसीला उचलायचा प्रयत्न केला, जमले नाही, मग नुसतीच हलवली.

"एकाहत्तरच? आणि बाकीचे एकोणतीस कुठे सांडलेस, म्हातारे?"

"बेडकाच्या चित्रात घाई केली. शेपटी आधी जाते का पाय आधी येतात, तिथे गडबडले."

"आयुष्यभर डबक्यापाशी राहिलीस आणि बेडूक माहीत नाही! बिचारी पोरं." मग तिने ओसरीच्या पायरीवर नीट मांडी घातली, पदर सावरावा तसा झगा सावरला आणि खाकरली. आम्हाला दोघींनाही कळले आता काय येणार ते. "वारा आज बरा आहे. मासेही मिळतायत म्हणे. दाउवे, केरेकेरे. रविवारी नवीन गीत आहे. माऊस हवाय."

उनाईसी आत गेली. माऊस घेऊन आली, रिसीव्हर घेऊन आली. केलेराच्या हातात दोन्ही ठेवले, आणि हात लगेच काढून घेतला नाही.

"सोमवारी सकाळी परत हवा," ती म्हणाली. "लाल ठिपक्याचा. आणि येताना वर्गाला खडू आण. रंगीत."

"बघा नेई, बघा!" केलेरा म्हणाली. "एकदा काय तोंड उघडलं, आता थांबायचं नाव नाही."

चारच्या ट्रकने केलेरा गेली, लॅपटॉप पुन्हा गोधडीत. उनाईसी चालत गेली. उरलेला पाव मी तिच्याबरोबर दिला. तो तिने मागितला नव्हता. पण नको नको म्हणाली नाही, पिशवी उघडून धरली.

संध्याकाळी डायरी पुरी केली : उनाईसी पास, ७१. केलेरा येऊन गेली. चहाचा एक कप फुटला, माझ्या हातून. घड्याळातला सेल माऊसबरोबर गेला; टॉर्चमधला काढून घड्याळात घातला, सव्वासहाला लावले. शनिवारी सेल आणणे.